पाणी जिथं टेकतं

झाडीपट्टीच्या नाटकांना लागणाऱ्या पडद्यांत महालाला मागणी जास्त. त्याखालोखाल जंगल, बाग, गावचा रस्ता आणि गरिबाची झोपडी. समुद्राचा पडदा क्वचित कोणी मागतं. दिवाळी सरली की आमच्या लांजीच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक हवंच असतं. या नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. पण लांजी, आमगाव, सालेकसा या पट्ट्यातल्या हौशी मंडळांचे पडदे इथल्याच पेंटरांकडे रंगत. अशाच एका पेंटरच्या, आमच्या उस्तादांच्या, दुकानात मी रंगकाम शिकलो ते या पडद्यांवर.

मांजरपाट भिंतीवर ताणून खिळे ठोकायचे, खळ लावून वाळवायचं. मग निळीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे झटका द्यायचा. कापडावर सरळ रेघ उमटते. गेरू, पिवडी, नीळ, काजळ आणि सफेदा सरसात कालवायचे. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की चांगलाच उजळतो, त्यामुळे हात ओल्या रंगावर चालतो आणि डोळ्यांना वाळलेला रंग आधीच दिसावा लागतो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी कोल्हापुरात सिनेमाच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते, हे मला पुढे कळलं. ज्या कामात मी घडत होतो त्या कामाला एवढा मोठा वारसा आहे याचा तेव्हा फार आनंद झाला. अजूनही होतो.

एका मंडळानं समुद्राचा पडदा मागितला. नाटकात नायक परदेशी निघतो आणि बंदरावर निरोपाचा प्रवेश आहे. मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या दुकानातही तो फक्त कॅलेंडरवर होता. मी वरून खालपर्यंत निळा रंग ओढला, लाटांच्या पांढऱ्या कडा काढल्या आणि उस्तादांना बोलावलं. ते पडद्यापासून दूर, समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, “पोरा, हे आभाळ झालं. पाण्याले काठ दे, मंग पानी दिसन.” मग त्यांनीच खडूनं डाव्या कोपऱ्यात दगडी धक्का मारला. तीन पायऱ्या, एक खुंटा, खुंट्याला दोर. चौथी पायरी अर्धी निळ्यात बुडवली. निळ्या रंगाला हातही न लावता तो रंग पाणी झाला.

त्या अर्ध्या पायरीवर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. चित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते असं विचारलं जातं तेव्हा लोकांना सूर्यास्त, लाटा, माडाची बनं असं काही ऐकायचं असतं. मला ती माणसानं बांधलेल्या आणि पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या गोष्टींत मिळते. तट, पार, घाट, विहीर, धक्का. पाणी एकटं असलं की त्याला माप नसतं. भिंत एकटी असली की तिला वेळ नसते. दोघं जिथं टेकतात तिथं एक रेघ पडते आणि त्या रेघेत माप येतं, ऋतू येतो, दिवसाचा प्रहरही येतो.

ही रेघ पाहायला लांजीसारखं गाव शोधून मिळणार नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बाघ नदीपलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. गाव जुनं. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या मंडलांच्या नावांत लांजिका येतं. पुढे गोंड राजे आले, नागपूरकर भोसले आले. किल्ला आहे, किल्ल्याभोवती खंदक आहे, गावाला नाव देणारी लांजकाई देवी आहे, आणि गावाबाहेर कोटेश्वर महादेवाचं जुनं देऊळ. श्रावणात तिथं कावडी येतात, महाशिवरात्रीला गर्दी लोटते. पण चित्रासाठी मी गर्दीच्या दिवसांत जात नाही. मी जातो दसऱ्यानंतर, पाणी उतरू लागलं की.

आमचा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना भंडारा, गोंदिया, बालाघाटपर्यंत शेकडो जुनी तळी आहेत. काही गोंड राजांच्या काळातली, काही पोवार आणि कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेली, पुष्कळशी मालगुजारांची. नवेगावबांधचं विस्तीर्ण तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं सांगतात. उताराच्या आडवा मातीचा पार घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं, जास्तीचं पाणी सलंगावरून वाहू द्यायचं आणि धानाला लागेल तसं तुडुमातून सोडायचं. मी पाहिलेल्या जुन्या तुडुमात दगडाला वेगवेगळ्या उंचीवर भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. पाणी भरलेलं असताना वरची खुंटी काढतात, पाणी खाली गेलं की तिच्या खालची. म्हणजे वरचं, उन्हानं कोमट झालेलं पाणी आधी शेतात जातं आणि दाबही आवरता राहतो.

चित्रकार म्हणून मला या रचनेचं कौतुक वेगळ्याच कारणानं आहे. पाण्याची उंची मोजण्याचं साधन त्या दगडातच कोरलेलं आहे. आश्विनात तुडुमाचा फक्त माथा वर असतो. कार्तिकात एक भोक दिसतं, मार्गशीर्षात दुसरं. प्रत्येक उंचीवर पाणी काही दिवस थांबतं आणि दगडावर शेवाळाची, गाळाची एक पट्टी सोडून जातं. जेठापर्यंत अशा पट्ट्या एकाखाली एक पडत जातात. सगळ्यांत वरची पांढुरकी, वाळून पापुद्रे निघालेली. मधली राखट पिवळी. खालची ओली, काळपट हिरवी. पारावरच्या पिचिंगच्या दगडांवरही तेच. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा सगळा हिशेब एका नजरेत वाचता येतो.

जलरंगात हे काढायला एक शिस्त लागते. पांढरा रंग वापरायचा नाही असं ठरवलं की उजळ पट्टी म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तो आधी राखायचा. मग पिवळ्या ऑकरचा पातळ वॉश, तो पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन मिसळून दुसरा, पहिल्याच्या खाली सरकवून. तिसरा त्याच्या खाली. पाणी ज्या क्रमानं उतरलं त्याच क्रमानं रंग चढवत खाली यायचं. लांजीच्या वैशाखात मात्र ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वॉश वाळतो आणि मधेच कडा पडते. त्यासाठी रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकायचे, कागद मागूनही भिजवायचा, आणि सकाळी ऊन तापायच्या आत मोठे वॉश उरकून घ्यायचे. दुपारी फक्त कोरड्या ब्रशाचं काम, दगडाचा खरखरीतपणा, बांबूच्या काड्या. किल्ल्याच्या खंदकाची माझी बरीच चित्रं अशी सकाळ-दुपार वाटून केलेली आहेत आणि जाणकाराला ती वाटणी ओळखू येते.

पुढे नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात गेलो. आमच्याकडून शिकायला नागपूरला जाणं ही जुनी वाट. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. पण सोयरिकी, बाजार, दवाखाना आणि शाळा नदीपलीकडेच राहिल्या. शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा हेही याच वाटेनं नागपूरच्या कलाशाळेत आले होते, १९३९ मध्ये. वडील वनखात्यात, बालपण जंगलात. तिथून मुंबई, आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर फ्रान्स.

रझांबद्दल बोलताना लोक त्यांच्या बिंदूच्या चित्रांवर थांबतात. मला त्यांचं १९५१ चं ‘ओ द कान्य’ जास्त जवळचं आहे. कान्य हे भूमध्य समुद्राकाठचं गाव, त्याची जुनी वस्ती टेकडीवर. रझांनी त्या चित्रात घरंच घरं काढली. भिंती, छपरं, कोन. माणूस नाही, माणसानं रचलेलं सगळं आहे. कॉलेजात एका पुस्तकात त्याचं छापील चित्र पाहिलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जात राहिलो. सातपुड्याच्या जंगलात वाढलेला माणूस समुद्रकाठी जातो आणि त्याच्या हाताला लाटांऐवजी घरं लागतात, हे मला फार खरं वाटलं. जंगलात राहणाऱ्याला बांधलेल्या घराची किंमत कळते. अंधारात दूर एक भिंत दिसली की जिवात जीव येतो, हा अनुभव आमच्याकडे अजून कोणाकडेही मिळेल. रझा २०१६ मध्ये गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांशेजारी त्यांना दफन केलं. तिथं मी गेलो आहे. पुढे नर्मदेचा घाट आहे आणि घाटाच्या पायऱ्यांवर पुराच्या रेघा आहेत.

नागपुरातच १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे दुसरं टोक. त्यांच्या चित्रांत प्रकाश आहे, खोली आहे, कधी कधी क्षितिजाचा भास आहे, पण काठ नाही. त्यांनी तो विचारपूर्वक सोडला आणि त्यातून मोठं काम उभं केलं. मी त्यांच्या चित्रांपुढे नम्र होतो आणि तरीही काठ सोडत नाही. धानाच्या बांधीत उभ्या राहिलेल्या माणसाला बांध नसलेलं पाणी म्हणजे पूर वाटतो.

समुद्र मी पाहिला तो नोकरीला लागल्यावर, चित्रांसाठी म्हणून मुद्दाम रजा काढून. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते ती कोल्हापूरला जाऊन थांबते. राज्याचं हे टोक ते ते टोक. कोल्हापुरात उतरण्याचं कारण चित्रकार आबालाल रहिमान. सर ज. जी. कलाशाळेत शिकून ते मुंबईत न रमता कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी आसपासचं पाणी, झाडं, देवळं आयुष्यभर रंगवली. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली अशी कथा तिथं सांगतात. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांचं काम पाहिलं, मग कोटितीर्थावर जाऊन बसलो. एका तळ्याकाठी बसून एवढं करता येतं हे पाहून लांजीला परतायची ओढ तिथंच लागली. पण एसटी फोंडा घाटातून खाली उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणच्या धक्क्यावर होतो.

सिंधुदुर्ग समोर. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं. तट बेटाच्या वळणांबरोबर आत-बाहेर होत जातो, त्यामुळे होडीतून जाताना तो एकाच वेळी पूर्ण दिसत नाही आणि दरवाजा तर अगदी जवळ गेल्याशिवाय सापडत नाही. मी पेटी उघडली, तटाच्या पायथ्याची रेघ पकडली, पेन्सिलीनं हलकी आखली, आभाळाचा वॉश टाकला. तो वाळायची वाट पाहत बसलो. समुद्राच्या दमट हवेत कागद वाळेना. नजर वर केली तर माझी रेघ तिथं नव्हती. पाणी कालवं चिकटलेल्या खडकांवरून उतरून हातभर खाली गेलं होतं आणि मघाशी नव्हता असा एक ओला, काळाभोर पट्टा तटाखाली दिसत होता.

लांजीत जी रेघ उतरायला आठ महिने घेते ती इथं सहा तासांत उतरते आणि पुढच्या सहा तासांत परत चढते. दिवसातून दोनदा. माझ्या हाताला वर्षाच्या गतीची सवय. एका कोळ्यानं मला मोकळेपणी सगळं समजावलं. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानानं निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जागेप्रमाणे थोडं पुढं-मागं होतं. “अष्टमीक बसा, पाणी जास्त हलूचा नाय,” असं तो म्हणाला. पंचांग बघून चित्राला बसायचं ही गोष्ट मला मनापासून आवडली. आमच्याकडे रोवणी आणि कापणी तिथी-नक्षत्र बघून ठरते, मग चित्रानं का बघू नये?

तेव्हापासून समुद्राकाठी मी एकाच चित्रात एक वेळ पकडायचा हट्ट धरत नाही. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ दोन्ही कागदावर ठेवतो आणि मधला पट्टा हाच चित्राचा विषय करतो. त्या पट्ट्यात किती रंग असतात! वरच्या कडेला खाऱ्या पाण्याची पांढरी खपली, मग कालवांची करडी खरखर, मग शेवाळाचा झळझळीत हिरवा आणि तळाशी ओल्या दगडाचा जांभळट काळा. हा जांभळट काळा काळ्या रंगानं कधीच येत नाही. अल्ट्रामरीन आणि लाईट रेड कागदावरच एकमेकांत सोडायचे आणि ब्रश उचलून घ्यायचा. दमट हवेत ते बराच वेळ फिरत राहतात आणि स्वतःची कडा स्वतः ठरवतात. लांजीत जे ग्लिसरीननं ओढून आणावं लागतं ते कोकणात हवाच करून देते.

किल्ल्याच्या आत गेलो आणि आणखी एक गोष्ट दिसली. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि बेटाच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. म्हणजे बाहेरचा तट पाणी आत येऊ देत नाही आणि आतली विहीर पाणी बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही बांधकामं दगडाचीच. वरून पाहिलं तर एक मोठं वळणावळणाचं कडं आणि त्यात लहान कडी. बाहेर निळं-हिरवं पाणी, आत गडद. मी तिथं तटाचं चित्र काढलंच नाही. विहिरीच्या काठावर बसून तिच्या तोंडाचा दगड काढला, दोरांनी घासून गुळगुळीत झालेली कडा काढली. हे बांधणाऱ्यांनी समुद्राशी लढतानाच तहानेचा विचार केला होता. मोठ्या पराक्रमाचं चित्र तटाचं काढतात. मला तो पराक्रम विहिरीत दिसला.

पण खरी भेट व्हायची होती ती गोव्यात. मांडवीच्या खाडीत दिवाडी आणि चोडण ही बेटं आहेत. तिथं फेरीबोटीतून उतरून चालत गेलो आणि पुढे धानाची शेतं दिसली. माझा विश्वास बसेना. खाडीचं पाणी शेतांपेक्षा वर, मधे फक्त मातीचा बांध, आणि बांधाच्या आत हिरवंगार धान. ही खाजण जमीन. शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी चिखल, गवत, लाकूड आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि खारफुटीच्या दलदलीतून शेती काढली. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. खारं पाणी सोसणारं कोरगुट नावाचं भात तिथं होतं. बांधाची निगा गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामायिक संस्था, राखत असे.

बांधात जागोजागी मानस असते. जांभ्याच्या भिंती आणि त्यात लाकडी दारं. भरतीचं पाणी खाडीतून चढू लागलं की त्याच्याच रेट्यानं दार मिटतं. ओहोटीला खाडी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं ते उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. त्या वाहत्या पाण्यात जाळं लावून मासळीही धरतात. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला सगळं दोन शब्दांत सांगितलं, “उदकच दार धांपता, उदकच उगडटा.” पाणी आपणच दार लावतं आणि आपणच उघडतं.

मी तिथं मुक्काम वाढवला. मानशीचं चित्र काढणं सोपं नाही, कारण एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाण्याच्या दोन उंच्या असतात. खाडीकडे एक, शेताकडे दुसरी. दोन्ही रेघा आडव्या, समांतर, आणि मधे उभं दार. डोळा जरा वर-खाली झाला की कोणती रेघ खालची ते कळेनासं होतं आणि चित्रातलं सगळं पाणी सांडल्यासारखं वाटतं. शेवटी मी बांधावरून खाली उतरलो, शेताच्या चिखलात स्टूल रोवलं आणि खाडीच्या पाण्याची पातळी माझ्या खांद्याला लागेल अशा उंचीवर बसलो. तिथून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या माणसांनी पिढ्यानपिढ्या खांद्याएवढा समुद्र डाव्या हाताला ठेवून रोवणी केली होती. ते चित्र मी खालूनच काढलं. जांभ्याच्या भिंतीचा लाल रंग वर कोरडा आणि गुलाबी, पाण्याजवळ दाट तपकिरी. दाराच्या फटीतून निघालेल्या पाण्याच्या दोन पांढऱ्या रेघा, त्या कागद राखून ठेवलेल्या. माझ्या सगळ्या किनारी चित्रांत मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं.

समुद्रानं मला तळ्याकडे परत पाठवलं ते असं. लांजीला आल्यावर मी तेच तुडूम, तोच खंदक पुन्हा काढू लागलो आणि आता त्यात दार दिसू लागलं, दाब दिसू लागला. हट्ट्याच्या बावडीत उतरलो. बालाघाटजवळच्या हट्टा गावातली ही गोंडकालीन बावडी, खांबांच्या ओवऱ्या पाण्यापर्यंत उतरत जातात. आधी मी तिथं खांब मोजून काढत असे. आता खांबांच्या पायाशी पाणी कितपत चढून गेलं होतं ते आधी बघतो आणि चित्राची उंची तिथून ठरवतो. पुजारीटोल्याच्या धरणाची दारंही मी रंगवली आहेत. सिमेंट आणि लोखंड चित्रात रुक्ष वाटतं असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो की पावसाळ्यात दार उचललेलं असताना एकदा तिथं उभं राहून पाहा.

आमच्या गावच्या एका ढिवर मित्राला ती कोकणातली आणि गोव्यातली चित्रं दाखवली होती. त्यानं आयुष्य तळ्यात काढलेलं, शिंगाडा आणि मासोळी. सिंधुदुर्गाच्या चित्रासमोर तो अडला. “समुद्राले पार नसते म्हनता भाऊ, त मंग पानी थांबते कसा?” या प्रश्नाचं मला धड उत्तर देता आलं नाही. मग मानशीचं चित्र पुढे केलं. त्यानं ते हातात घेऊन उजेडाला धरलं आणि बोटानं दाराच्या वरच्या कडेवर रेघ ओढली. खुंटी कुठं मारतात, दार फुगलं तर काय करतात, लाकूड कोणतं, असे प्रश्न त्यानं विचारले. त्यातल्या अर्ध्यांची उत्तरं मला माहीत नव्हती. ती मिळवण्यासाठी मी पुन्हा गोव्याला जाणार आहे. ज्याच्या हाताखालून ती वस्तू जाते त्याला पटेल असं चित्र काढायचं, हा निकष मी त्या दिवसापासून लावतो. गॅलरीतल्या भिंतीवर चित्र चांगलं दिसणं त्यानंतर येतं.

एका गोष्टीची मात्र काळजी आहे आणि ती सांगायलाच हवी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. शेतकऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला हे योग्यच झालं, पण तळ्याची निगा राखणारे हात सैल पडले. गाळ साचला, पार खचले. ज्या तळ्यांची दुरुस्ती होते तिथं जुना तुडूम काढून सिमेंटची टाकी आणि लोखंडी झडप बसते. पाणी सोडायला ती सोयीची आहे आणि शेतकऱ्याची सोय आधी. पण काढलेला दगड पारावर पडून राहतो, कुणाच्या तरी गोठ्याची पायरी होतो. त्यात किती भोकं होती, कोणत्या अंतरावर, खुंटी किती जाड, हे कुठंही नोंदलेलं नाही. गोव्यात खाजणांवर निदान बरंच लिहिलं गेलं आहे. आमच्या तुडुमांवर फार थोडं आहे.

म्हणून सध्या मी एकच काम हातात घेतलं आहे. लांजी ते किरणापूर आणि नदीपलीकडे आमगाव-सालेकसा या भागात जिथं जुना तुडूम अजून उभा आहे तिथं जाऊन त्याचं मापासकट चित्र काढायचं. आधी पट्टीनं मोजणी, वहीत आकृती, मग जलरंग. रंगीत चित्राखाली आकडे लिहायचे. असं केल्यानं चित्राचं सौंदर्य कमी होतं असं मला वाटत नाही. आकड्यांमुळे डोळा दगडावर जास्त वेळ टिकतो. दिवाळीनंतरच्या चित्रांत वरची दोन भोकं आली आहेत. खालची अजून पाण्यात आहेत. गावातला तुडूम कुठला आणि त्याची खुंटी शेवटची कोणी काढली हे सांगणारी म्हातारी माणसं मी शोधतो आहे. कागद कापून ठेवले आहेत, आणि जेठात तळं तळाला गेलं की सगळ्यांत खालचं भोक मोजायला उतरायचं आहे.